सहा इंचांचं शिवार

१९५२ साली निकोला द स्ताल हा चित्रकार पॅरिसमधल्या स्टुडिओतून बाहेर पडला. पुठ्ठ्याचे लहान तुकडे, सुऱ्या आणि रंगाच्या नळ्या घेऊन तो शहराच्या कडेच्या मोकळ्या जागांत, सेन नदीच्या काठाने, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आणि पुढे दक्षिणेत भूमध्य समुद्रापर्यंत चित्रं करत हिंडला. त्याआधी त्याची ओळख पक्का अमूर्त चित्रकार अशी होती. त्या एका वर्षात त्याने दोनशेवर चित्रं केली आणि त्यातली कितीतरी एका हातात धरता येतील एवढीच होती. राखाडी रंगाचा एक जाड थर म्हणजे आभाळ, त्याखाली हिरव्याचा किंवा मातकट रंगाचा दुसरा थर म्हणजे रान, आणि दोहोंच्या मध्ये सुरीच्या कडेने उमटलेली एक खरखरीत फट. अमूर्ताच्या कट्टर पुरस्कर्त्यांना हे रुचलं नाही. गडी पुन्हा निसर्गचित्रांकडे वळला, अशी कुजबुज झाली. द स्तालने तिकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी तो सिसिलीला गेला, आणि परत आल्यावर फ्रान्सच्या दक्षिणेत बसून त्याने सिसिलीतल्या ॲग्रिजेंतोच्या परिसराची चित्रं केली. त्यांत रानं पिवळ्या, जांभळ्या, शेंदरी त्रिकोणांची होऊन गेली आहेत.

लहान आकार, जाड पोत आणि शेतजमिनीवरून सुचलेलं अमूर्त चित्र, हा प्रकार आता हौशी चित्रकारांत चांगलाच रुळला आहे. ते समजण्यासारखं आहे. सामान बेताचं लागतं, माणसाचा चेहरा काढावा लागत नाही, आणि चार वेळा सुरी फिरवली की काहीतरी बरं दिसणारं हाती लागतं. पण त्यामुळेच यातली बहुतेक चित्रं सोफ्याच्या रंगाशी जुळणारी सजावट होऊन बसतात. हॉटेलांच्या लॉबीत सोनेरी वर्ख लावलेली असली चित्रं हारीने टांगलेली असतात. त्यांच्याकडे बघून कुठलं रान, कुठला हंगाम, काही म्हणता काही कळत नाही. मला विचाराल तर दोष त्या चित्रकारांच्या हाताचा नाही. त्यांना जमीन माहीत नसते, एवढंच. शेतातली एकही रेघ उगाच पडलेली नसते, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या चित्रातल्या सगळ्याच रेघा उगाच पडलेल्या दिसतात.

कोकणातलं भातखाचर घ्या. तिथे पाणी उभं राहायला हवं. पाणी उभं राहायचं तर तळ सपाट हवा, आणि उतारावर सपाट तळ मिळवायचा तर खाचर अरुंद आणि बांध डोंगराच्या अंगाने वळत गेलेला हवा. म्हणून तिथली रेघ वाकडी. देशावरच्या काळ्या रानात ज्वारी-हरभऱ्याला पाणी उभं नको असतं, मुरायला हवं असतं. रानं मोठी, तास लांब, सरळ आणि शक्यतो उताराला आडवे. उताराच्या दिशेने नांगरलं तर पहिल्या जोरदार वळवातच माती ओढ्याला मिळते. उसाच्या रानात सरी-वरंबा आला की रेघांची जाडीच बदलते. नाशिककडे द्राक्षबागांच्या ओळी अशा काटेकोर असतात की लांबून कापडाची वीण वाटावी, आणि मध्येच शेततळ्याचा प्लॅस्टिकने मढवलेला निळा चौकोन. शेतीच्या रंगपेटीत इतका झगझगीत निळा पूर्वी कधी नव्हता. चित्रकारांनी अजून त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

बांधाची गोष्ट निराळी. तो पाण्यासाठी असतो तसा वाटणीसाठीही असतो. दोन भावांत रान वाटलं की एक बांध वाढतो, चार नातवांत वाटलं की आणखी दोन. बागायतीत प्रत्येकाच्या तुकड्याचं तोंड पाटाला लागावं लागतं, म्हणून अशा वाटण्यांतून पुष्कळदा चौकोन न होता लांबट पट्ट्या होतात. आणि या सगळ्यावर मोजणीचं माप आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गावाच्या नकाशावर नजर टाकली तर उतार, पाणी आणि भाऊबंदकी या तिघांनी मिळून काढलेलं एक अमूर्त रेखाटनच समोर येतं. चित्रकाराच्या आधी कोणीतरी इथे काम करून गेलेलं आहे.

हे ज्याला सर्वांत नेमकं दिसलं तो पाउल क्ले. जर्मनीत देसाऊच्या बाउहाउस शाळेत शिकवत असताना डिसेंबर १९२८ मध्ये तो इजिप्तला गेला आणि महिनाभराने परतला. नाईलच्या खोऱ्यातली पाटपाण्याची अरुंद शेतं त्याने पाहिली आणि १९२९ मध्ये त्यावरून चित्रांची एक मालिकाच केली. ‘सुपीक भूमीतलं स्मारक’ हे त्यातलं एक जलरंगातलं चित्र, उंची जेमतेम ४६ सेंटिमीटर. त्यात आडव्या पट्ट्या आहेत, आणि एक उभी सीमा ओलांडली की पट्टीचे दोन भाग होतात. पुढची सीमा ओलांडली की चार, मग आठ. निम्म्याचं निम्मं करत जाणारा हा हिशोब क्लेने गणिताच्या ओढीने मांडला, पण आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला तो भाऊवाटणीचा हिशोब म्हणून ओळखता येईल. त्याच वर्षीचं ‘राजमार्ग आणि आडवाटा’ हे तैलचित्र कोलोनच्या लुडविग संग्रहालयात आहे. त्यात मधोमध रुंद पट्ट्यांची एक वाट वर चढत निमुळती होते, दोन्ही बाजूंना बारीक तुकड्यांची दाटी आहे आणि वरच्या टोकाला निळ्या आडव्या पट्ट्या आहेत. नदी म्हणा, आभाळ म्हणा. झाड नाही, माणूस नाही, तरी ओलिताखालची जमीन आहे याबद्दल शंका राहत नाही, कारण विभागणीची रीत खरी आहे.

क्लेचा प्रभाव वासुदेव गायतोंडे यांच्यावर होता हे जगजाहीर आहे. नागपुरात १९२४ साली जन्मलेले आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले गायतोंडे पुढे रोलर आणि सुरीने थर चढवत-खरवडत पोताच्या कामात फार लांब गेले. पण त्यांच्या चित्रांत शेत शोधू नये. पोत कसा येतो हे त्यांच्याकडून शिकावं, रान दुसरीकडे बघावं.

रान बघायचं तर कुठे उभं राहून, हा प्रश्न आहे. रिचर्ड डीबेनकॉर्न या अमेरिकन चित्रकाराने १९५१ साली न्यू मेक्सिकोतून सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने जाताना खालची जमीन पाहिली आणि त्या सपाट, क्षितिज नसलेल्या दृश्याने त्याच्या चित्राची मांडणीच बदलली. त्याचे कॅनव्हास मोठमोठे असत, पण १९७६ ते १९७९ या काळात त्याने सिगारच्या डब्यांच्या लाकडी झाकणांवरही चित्रं केली, वीतभर लांबीची. मोठ्या चित्रातली मांडणी त्या झाकणावरही तशीच ठाम उभी राहते. याचं नेमकं उलट टोक म्हणजे जोन अर्डली. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कॅटरलाइन नावाचं छोटं गाव आहे. १९५० च्या दशकात ती तिथे राहू लागली आणि १९६३ मध्ये ४२ व्या वर्षी तिचा मृत्यू होईपर्यंत तिथली शेतं आणि समुद्र रंगवत राहिली. ती शेताकडे वरून बघत नाही. ती गवताच्या उंचीवर बसते, आणि पिकाच्या दांड्या चित्राच्या खालच्या कडेतून अंगावर येतात. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहातल्या तिच्या शेतांच्या काही चित्रांत खरं गवत आणि खरे तुरे रंगात रुतवलेले आहेत. ही चित्रं लहान नाहीत, मीटरभराची आहेत; पण पोतासाठी ती बघायलाच हवीत.

तिसरी जागा आठवणीची. गणेश हलोई यांचा जन्म १९३६ चा, आता बांगलादेशात असलेल्या जमालपूरचा. फाळणीनंतर कुटुंब कोलकात्याला आलं. तिथल्या सरकारी कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यावर १९५७ मध्ये त्यांना भारतीय पुरातत्त्व खात्याचं काम मिळालं: अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायच्या. पुढची काही वर्षं त्यांची अजिंठ्याला, वाघूर नदीकाठी गेली. त्यानंतर ते कोलकात्याला आपल्याच महाविद्यालयात शिकवायला लागले. त्यांची नंतरची गुआशमधली, म्हणजे अपारदर्शक जलरंगातली, अमूर्त निसर्गचित्रं हातकागदावरची, आकाराने माफक. पाणी साचलेल्या भातशेतीचा हिरवा, त्यावर ठिपके, छोट्या आडव्या रेघा, एखादी वाकडी वाट. सुटलेल्या गावाचा नकाशा कोणीतरी आठवून काढावा तसं काहीसं. २०१७ मध्ये अथेन्स आणि कासेल इथल्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांची चित्रं होती.

अजिंठ्याचा उल्लेख नुसता चरित्रापुरता नाही. तिथली चित्रं ज्या गिलाव्यावर आहेत तो शेतातल्या मालाचाच आहे. टाकीचे घाव असलेल्या खडबडीत काळ्या पाषाणावर मातीचा थर. त्यात दगडाची कच, वनस्पतींचे तंतू, गवत आणि भाताचं तूस. वर बारीक मातीचा दुसरा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती असे रंग. तूस आणि तंतू घातले की माती सुकताना कमी तडकते आणि दगडाला धरून राहते. पण जे टिकवतं तेच खायलाही मिळतं. या गिलाव्यातल्या सेंद्रिय मालावर कसर आणि इतर किड्यांनी ताव मारला, गिलावा आतून पोखरला गेला आणि चित्रांचे पोपडे सुटले. संवर्धनाचं काम करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. अर्डलीचं बघून चित्रात ज्वारीची कणसं चिकटवायला निघालेल्या माणसाने हे ध्यानात घ्यावं. स्कॉटलंडची हवा वेगळी, आपला पावसाळा वेगळा. गवत घालायचंच तर कडक उन्हात वाळवून, ॲक्रिलिक मीडियममध्ये पूर्ण बुडवून. धान्य नकोच.

आता लहान आकाराकडे येऊ. चित्र लहान का? जागा आणि पैसा वाचतो हे खरं, पण मुख्य कारण वेगळं आहे. सहा इंचांच्या फळीवर तीन मिलिमीटर उंचीचा उंचवटा उठवला तर तो टेकडी होतो. तेवढाच उंचवटा सहा फुटांच्या कॅनव्हासवर नुसता खडबडीतपणा ठरतो. चित्रात माणूस, झाड, बैल नसले की डोळ्याला मापाचा आधार राहत नाही, आणि मग तो पृष्ठभागाच्या पोतावरून अंतर ठरवतो. लहान अमूर्त निसर्गचित्राची सगळी मदार या फसगतीवर आहे. हिशोबाने बोलायचं तर सहा इंचांचा चौकोन म्हणजे लांबी-रुंदीत ६६ पट लहान केलेला एक गुंठा.

ही नुसती डोळ्यांची फसगतही नाही. जमिनीला भेगा ज्या कारणाने पडतात त्याच कारणाने रंगाच्या थरालाही पडतात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. वरचा थर आकसू बघतो, खालची ओली माती त्याला सरकू देत नाही, आणि या ओढाताणीत माती फाटते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात हात-हात खोल भेगा दिसतात त्या याच. मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये कालवलेली संगमरवराची भुकटी, जाड थापली तर हेच घडतं. पाणी उडून जातं, वरचा पापुद्रा आकसतो, तळ फळीला चिकटलेला असतो. थर जितका जाड तितकी भेगांची जाळी मोठी. पातळ थरात ती बारीक पडते. म्हणून भेगा हव्या असतील तिथे थर जाणूनबुजून जाड ठेवावा, नको असतील तिथे दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये आणि एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा चढवू नये. ब्रशने काढलेली भेग आणि थर आकसून पडलेली भेग यांतला फरक लहान मुलालाही दिसतो.

प्रत्यक्ष एक चित्र कसं उभं राहतं ते पाहू. विषय, फेब्रुवारीत ज्वारी काढून झालेलं रान. सहा इंचांची एमडीएफची फळी घ्यावी; लवचिक कॅनव्हासपेक्षा कडक फळीवर जाड पोत जास्त टिकतो. गेसोचे, म्हणजे अस्तराचे, दोन हात पुढून, एक मागून. एकाच बाजूने लावलं तर पातळ फळी वाकते. पेन्सिलीने रेघा तीनच: एक बांध, एक ओढा, एक पाणंद. ओढा आधी, कारण उतार तो ठरवतो. मग मॉडेलिंग पेस्ट सुरीने पसरावी, बांधाशी थोडी जास्त. ती ओली असताना जुन्या कंगव्याचा तुकडा ओढून तास पाडायचे, उताराला आडवे. इथे एक बारकावा बहुतेक जण विसरतात. तास शेताच्या कडेपर्यंत सरळ जात नाहीत. ट्रॅक्टरला टोकाला वळायला जागा लागते, आणि ती पट्टी शेवटी आडवी नांगरली जाते. चित्रात दोन्ही टोकांना बोटभर आडवे तास आले की कंगव्याच्या रेघांची एकदम नांगरट होते. ओढ्याकडच्या बाजूला पेस्ट सुरीने थोडी खरवडून काढावी, तिथली माती वाहून गेलेली असते. हे सगळं एक दिवस तरी वाळू द्यावं.

मग रंग. जळक्या अंबरमध्ये थोडा निळा घालून केलेला पातळ, पाण्यासारखा गडद रंग पूर्ण फळीवर सोडायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. तो तासांच्या खोलात बसतो आणि वरंबे मोकळे होतात. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट पिवडी वरंब्यांच्या माथ्यावरून ओझरती फिरवली की धसकटं दिसू लागतात. धसकटं काढावी लागत नाहीत. बांधावर मळकट हिरवा, पाणंदीवर धुळीचा फिकट रंग, आणि ओढ्यात सुरीच्या टोकाने एकच गडद रेघ. इथे हात थांबला पाहिजे. लहान चित्र बिघडतं ते हमखास शेवटच्या पाच मिनिटांत.

रंगाच्या बाबतीत एक गंमत ध्यानात ठेवावी. नुकती नांगरलेली ओली माती गडद दिसते आणि दोन दिवसांत फिकी पडते. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी भरलं की प्रकाश कमी विखुरतो, आत जास्त शिरतो आणि शोषला जातो. पाणी उडालं की तिथे हवा येते आणि प्रकाश पुन्हा विखुरून डोळ्याकडे येतो. ॲक्रिलिकचं नेमकं उलटं. ओला असताना त्यातला चिकट द्रव दुधाळ असतो म्हणून रंग फिका वाटतो. वाळला की तो पारदर्शक होतो आणि रंग गडद होतो. म्हणजे ओल्या मातीचा रंग समोर बघून पॅलेटवर जुळवला तर वाळल्यावर तो ठरवल्यापेक्षा काळा निघतो. एक छटा फिका ठेवावा, किंवा फळीच्या मागे ठिपका लावून वाळवून बघावा.

खरी माती रंगात घालावी का, असं बरेच जण विचारतात. गेरू आणि पिवडी निर्धास्त घालावी. ती लोखंडाची खनिजं आहेत, उन्हाने उडत नाहीत. शेतातली माती घ्यायची तर धुऊन, वाळवून, वस्त्रगाळ करून, आणि मीडियमच्या मानाने थोडीच. काळी माती जास्त झाली तर ती शेतात करते तेच फळीवरही करते. भिंतीची पुट्टी मात्र कॅनव्हासवर कधीही नको. कॅनव्हास पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सैल-ताठ होत राहतो, पुट्टी ठिसूळ असते, आणि मग एके दिवशी चित्र पोपड्यांनी खाली येतं. तैलरंग ॲक्रिलिकच्या वर चालतो, ॲक्रिलिक तैलरंगाच्या वर नाही. तैलरंगाचा जाड थर आतपर्यंत वाळायला महिने लागतात. द स्तालसारखं काम करायचं तर तेवढा धीर हवा.

चित्र पुरं झाल्यावर शेती करणाऱ्या कोणाला तरी दाखवावं. शाबासकीसाठी नव्हे. पाणी कुठून कुठे जातं, एवढंच विचारावं. चित्र अमूर्त असलं तरी उत्तर मिळायला हवं. मिळालं नाही तर पोत कितीही देखणा असो, ते रान झालेलं नाही.

टांगताना समोरून दिवा सोडू नये. प्रकाश एका बाजूने, तिरका हवा, म्हणजे वरंब्यांची सावली तासांत पडते. मागच्या बाजूला पेन्सिलीने गाव, पीक आणि महिना लिहून ठेवा. आणि ॲक्रिलिकची दोन चित्रं उन्हाळ्यात तोंडाला तोंड लावून ठेवू नका. चाळीस अंशांच्या पुढच्या उकाड्यात तो रंग मऊ पडतो, चित्रं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना दोन्हींचा पोत निघून येतो. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर ठेवावा, किंवा सरळ उभी, सुटी सुटी ठेवावीत.